पहाटे लिहिणारी, रात्री खोडणारी

पहाटे 4:50

गजर किल्लीच्या घड्याळाचा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून येते आणि लिहून होईपर्यंत त्याचं तोंड बघत नाही. उठल्या उठल्या तो हातात आला की आधी चुलतजावेचा सुप्रभात, मग सोसायटीचा पाणीप्रश्न, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. एवढ्या माणसांना भेटून झाल्यावर लिहायला बसायचं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये बसून अभ्यास करायचा.

चहा ठेवला. साताऱ्याचा ऑगस्ट, रात्रभर पत्र्यावर पाऊस. अजिंक्यतारा ढगात आहे.

सध्या लेख चालू आहे गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर. पुढच्या वर्षी ती बंद होणार. एका दिवाळी अंकाला द्यायचाय, 2000 शब्द, 31 ऑगस्टच्या आत. आज मंगळवार, हातात तेरा दिवस.

5:05

टेबलावर काल रात्री स्वतःलाच लिहिलेली चिठ्ठी: ‘पट्ट्याचा आवाज. मग रांगेतल्या बायका.’ बस, एवढंच. पहाटे उठून ‘आज काय लिहू?’ असा प्रश्न पडला तर माणूस परत झोपतो. तो प्रश्न आदल्या रात्रीच सोडवून ठेवावा.

मी पाठकोऱ्या कागदांवर लिहिते. सध्याचे कागद मुलाच्या जुन्या क्लासच्या प्रश्नपत्रिका आहेत. एका अंगाला त्रिकोणमिती, दुसऱ्या अंगाला मी. पंधरा वर्षांपूर्वी लिहायचं मनावर घेतलं तेव्हा हौसेनं जाड पुठ्ठ्याची, रेशमी दोरीची वही आणली होती. तिची पहिली चार पानं मोत्यासारख्या अक्षरात आहेत. पाचवं कोरं. अशा वहीत वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि वाईट वाक्य लिहिल्याशिवाय चांगलं येत नाही. आता त्या वहीत दुधाचा हिशेब असतो. पाठकोऱ्या कागदाचं एक बरं असतं: तो एकदा वाया गेलेलाच असतो.

या सव्वा तासाचे नियम तीन. मागचं वाचायचं नाही. खोडायचं नाही. शब्द अडला तर तिथे गोल काढून पुढे जायचं. गिरणीत धान्य ओततात त्या पत्र्याच्या पेटीला काय म्हणतात, ते मला आत्ता आठवत नाही. गोल. चाळीस वर्षं की बेचाळीस? गोल. शब्दकोश काढायला उठले की दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त एका शब्दावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर हिंडत बसते. सात खंडांचा तो कोश 1932 ते 1938 या काळात निघाला आणि आजही त्याच्याइतका गोड वेळकाढूपणा दुसरा नाही. तो दिवसा करावा.

आज लिहिलं ते असं: ‘गिरणीचा पट्टा एकसारखा गुणगुणत होता आणि त्या सुरात रांगेतल्या बायकांच्या गप्पा मिसळत होत्या.’ लिहितानाच आतून कुणीतरी म्हणालं, ‘गुणगुणत? खरंच?’ मी ऐकलं नाही. पुढे गेले.

हे आतून बोलणारं कोण, ते सांगते. माझ्यात दोघी राहतात. एक पहाटेची: बडबडी, पाल्हाळीक, कशालाही हो म्हणणारी. दुसरी रात्रीची: खडूस, लाल पेनवाली, तिला काहीच पसंत नाही. लेखाला दोघी लागतात. पण दोघींना एका वेळी टेबलाशी बसवलं की एक वाक्य लिहिते, दुसरी ते खोडते, आणि तासाभरानं कागदावर फक्त तारीख उरते. माझी पहिली सहा वर्षं अशी गेली. मला वाटायचं, आपल्याला लिहिता येत नाही. लिहिता येत होतं. दोघींच्या पाळ्या लावायच्या राहिल्या होत्या.

6:20

नळाला पाणी आलं. कासचं. पेन जिथे होतं तिथे ठेवलं. मोजले तर साधारण 350 शब्द, गोल सात. आठवड्याचे सहा दिवस असे भरले की 2100 होतात. त्यातले सहा-सातशे पुढे जाणार, हे आधीच धरून चालते.

पुढचे तीन तास लेखाचे नाहीत, कुकरचे आणि डब्यांचे आहेत. नवलेखकांच्या शिबिरात एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘तुम्हाला वेळ कसा मिळतो?’ मिळत नाही. काढावा लागतो, आणि काढलेला वेळ फार तर सव्वा तासाचा असतो. पण आठवड्यातून एकदा अख्खा रविवार राखून ठेवण्यापेक्षा रोजचा सव्वा तास बरा. रविवारी पाहुणे येतात.

सकाळी 9:45

मी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. पावणेदहा ते सव्वासहा. लिहिणाऱ्या माणसाला अशा नोकरीचा एक फायदा आणि एक धोका.

फायदा असा की इथे पहिल्या मसुद्यावर कुणीही सही मागत नाही. आधी टिपणी, मग मसुदा. मसुद्यावर वरिष्ठांच्या शाईच्या दुरुस्त्या, मग शुद्ध प्रत, मग सही. साधं स्टेशनरीचं मागणीपत्र तीन हातांतून जातं. आणि घरी मात्र आपली कथा पहिल्याच बैठकीत थेट शुद्ध प्रतीच्या रूपात उतरावी, अशी आपली अपेक्षा! हे माझ्या डोक्यात शिरायला नोकरीची अकरा वर्षं लागली, आणि फाईल तर रोज समोर होती.

धोका भाषेचा. दिवसभर ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात येत आहे’, ‘च्या अनुषंगाने’ लिहिल्यावर ते अंगाला चिकटून घरी येतं. या लेखाच्या पहिल्या कच्च्या पानावर मी चक्क असं लिहून गेले होते: ‘सदर गिरणी गेल्या अनेक वर्षांपासून परिसरातील नागरिकांच्या सेवेत कार्यरत आहे.’ या वाक्यात माणूस कुठे आहे? पीठ कुठे आहे? ‘करण्यात येत आहे’ म्हटलं की करणारा वाक्यातून निसटतो. कार्यालयात ती सोय असते. गोष्टीत तीच चोरी ठरते, कारण वाचक करणाऱ्यालाच शोधत आलेला असतो.

ज्याची त्याची चिकटणारी भाषा वेगळी. शिक्षकांची ‘म्हणजेच काय तर’ची, पत्रकारांची ‘एकच खळबळ’ची, आणि हल्ली सगळ्यांचीच इंग्रजीवरून उतरवलेली. आपली कोणती, ते एकदा ओळखून ठेवावं.

दुपारी 1:15

डबा. समोर आमच्या शाखेत नवीन लागलेला कनिष्ठ सहायक. पोरगा चोवीस-पंचवीसचा, माणदेशाकडचा. कथा लिहितो, म्हणजे लिहिणार आहे.

‘मॅडम, मूडच लागत नाही.’

‘पगारपत्रकाला लागतो?’

हसला. मग त्याचा खरा प्रश्न आला. ‘नेमाड्यांनी “कोसला” म्हणे पंधरवड्यात लिहिली. मला दोन महिन्यांत एक कथा होत नाही.’

ही गोष्ट प्रत्येक नवलेखकाला कुणीतरी सांगितलेली असतेच. मी म्हटलं, ‘“कोसला” आली 1963 साली. नेमाड्यांचा जन्म 1938चा. मग त्या पंधरवड्याच्या मागची पंचवीस वर्षं तू हिशेबात धरणार की नाही? आणि त्यांचीच “हिंदू” आली 2010 साली. तिची वाट बघता बघता वाचकांचे केस पिकले. लेखक तोच. कुठलं पुस्तक किती दिवसांचं, ते पुस्तक ठरवतं.’

‘पण माझी भाषा गावाकडची आहे. प्रमाण लिहायला गेलो की परीक्षेचा निबंध होतो.’

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतलं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईंनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली; पहिला भाग 1934चा. बोलल्यासारखं लिहिलं, स्वतःच्या फजित्या स्वतःच सांगितल्या. त्या काळच्या भारदस्त गद्यापैकी कितीतरी आता ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ची प्रत नेहमी कुणाच्या तरी घरी गेलेली असते.

‘मग सुरुवात कुठून करू?’

‘काल गावावरून येताना एसटीत काय झालं?’

त्यानं सांगितलं. एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली. कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागायला लागला, तर ती म्हणाली, ‘हिला मांडीवर घेतलीया, पोर समज.’ सांगताना त्याचे हात हलत होते, आवाज म्हातारीचा झाला होता. एकदाही अडखळला नाही.

‘हे घरी जाऊन लिही. जसं सांगितलंस तसं. एक पान.’

‘एवढंच? पण यात विषय काय?’

‘विषय नंतर बघू. आधी कोंबडी.’

4:10

चहाच्या टपरीवर एक पेन्शनर दुसऱ्याला सांगत होते, ‘मुलगा चांगला आहे हो, फक्त घरी नसतो.’ बिलाच्या मागे लिहून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. पर्सच्या त्या कप्प्यात अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या असतात. कोणती कधी लागेल, सांगता येत नाही. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेलं एकही वाक्य माझ्या आजवर लक्षात राहिलेलं नाही.

संध्याकाळी 6:40

घरी जाताना गिरणी. हातात दळणाचा डबा आहेच, पण आज आले ते गोल भरायला. पहाटे घरबसल्या लिहावं, संध्याकाळी जाऊन बघून यावं. उलट केलं तर, म्हणजे सगळी माहिती गोळा करून मगच लिहायचं म्हटलं तर, वह्या भरतात आणि लेख राहतो. आधी लिहिलं की आपल्याला काय माहीत नाही, ते नेमकं कळतं. आज ते सात ठिकाणी कळलंय.

पहिला गोल फुटला तो आवाजाचा. दाराशी उभी राहून ऐकलं. पट्टा गुणगुणत नाही. त्याच्या जोडावर लोखंडी पिना मारलेल्या आहेत. दर फेऱ्याला जोड चाकावर आला की ‘चट्’ होतं. चट्… चट्… चट्. वरचं धान्य संपत आलं की मोटर हलकी होते, चट्-चट् जवळजवळ येतात, आणि गिरणीवाले काका वळून न बघता ओळखतात की पुढचं दळण ओतायला झालं. इतकी वर्षं ते कानानं दळत आलेत. ‘गुणगुणत होता’ हे मी कुठल्यातरी वाचलेल्या पुस्तकातून आणलं होतं. ‘चट्’ या गिरणीतलं आहे.

दुसरा रांगेचा. बायका गप्पांचा सूर वगैरे काही मिसळत नाहीत. प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आधी कशाचं झालं?’ आधीची ज्वारी असेल तर गहूवाली मागे सरकते आणि बाजरीवालीला पुढे करते. गव्हाच्या पिठात ज्वारी उतरली की पोळी चिरते. रांग डब्यांची नसते, धान्यांची असते. हे कळल्यावर माझा पहाटेचा अख्खा परिच्छेद बदलणार होता, आणि मला बरं वाटलं.

पत्र्याच्या पेटीचं नाव विचारलं. काका म्हणाले, ‘नाव कशाला? वरचा डबा.’ लेखातही तेच जाईल. जो शब्द तिथला माणूस वापरत नाही, तो कोशातून आणून त्याच्या तोंडी घालण्यात अर्थ नाही.

निघताना त्यांनी दगड दाखवले. कालच टाकी लावून घेतलेली. दगड गुळगुळीत झाला की दाणा फुटण्याऐवजी नुसता रगडला जातो आणि पीठ गरम येतं, म्हणून छिन्नीनं त्याच्या खाचा पुन्हा उठवाव्या लागतात.

‘मग लगेच दळायला सुरुवात?’

‘छे. टाकी लावल्यावर पहिलं पायलीभर घरचं घालायचं आणि टाकून द्यायचं. कचकच असते त्यात. दगडाची.’

‘गिऱ्हाइकाचं नाही घालत?’

‘गिऱ्हाइकाच्या दाताखाली दगड द्यायचा होय?’

रात्री 9:10

जेवणं झाली. आता दुसरीची पाळी.

आजची पानं ती बघत नाही, ती अजून ऊन आहेत. तिच्यापुढे शनिवारची आणि रविवारची पानं. मध्ये दोन रात्री गेल्या की स्वतःचं लिहिलेलं थोडं परक्याचं वाटायला लागतं, आणि परक्याच्या चुका आपल्याला फार चांगल्या दिसतात.

पहिलं काम मोठ्यानं वाचणं. सासूबाई लसूण सोलत बसतात, त्यांना वाचून दाखवते. त्या साहित्यिक मत देत नाहीत. मी त्यांचे हात बघते. लसूण सोलणं थांबलं तर लेख चालू आहे. भराभर सोलायला लागल्या तर पडलाय. जिथे माझाच श्वास अडतो, ते वाक्य लांब; जिथे जीभ अडखळते, तिथे जोडाक्षरांची गर्दी झालेली.

सुरुवात अशी होती: मानवी संस्कृती आणि धान्य, मग जात्यावरच्या ओव्या, मग स्त्रियांचे श्रम, मग यांत्रिकीकरण. दोन परिच्छेद, 240 शब्द. सासूबाईंनी सहा पाकळ्या सोलल्या आणि विचारलं, ‘गिरणीत कधी जाणार तू?’

तिसऱ्या परिच्छेदात. तिथे लेख सुरू होत होता: काकांनी शटर उचललं आणि बाहेर उडालेल्या पिठावर कुत्रं शिंकलं. सासूबाईंचा हात थांबला.

काकांची कचकच आठवली. ते पहिले 240 शब्द पहाटेच्या बाईला लागले होते, त्यांच्याशिवाय ती शटरपर्यंत पोचलीच नसती. पण ते वाचकाच्या दाताखाली द्यायचे नव्हते. लाल पेनानं आडवी रेघ मारली. जीव थोडा वरखाली झाला. त्यात ओव्यांवरचं एक वाक्य मला फार आवडलं होतं. बहुधा म्हणूनच ते तिथे होतं.

मग बारीक काम. ‘सदर गिरणी… कार्यरत आहे’ची चार रूपं झाली, ती इथे देते, कारण दुरुस्ती म्हणजे नक्की काय, हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं.

‘ही गिरणी गेल्या अनेक वर्षांपासून चालू आहे.’ सरकार गेलं, पण ‘अनेक’ म्हणजे किती?

‘ही गिरणी बेचाळीस वर्षांपासून चालू आहे.’ आकडा आज काकांकडून आणलेला. खरं झालं, पण चित्र नाही.

‘बेचाळीस वर्षं काका या गिरणीत दळत आहेत.’ करणारा आला.

‘काका बेचाळीस वर्षं दळतायत. त्यांच्या भुवया पहिल्या दिवसापासून पांढऱ्या.’ सासूबाई हसल्या. तिथे थांबले. पाचव्यांदा हात लावला असता तर बिघडलं असतं.

10:05

टंकलेखन. पक्की झालेली दोन पानं संगणकावर युनिकोडमध्ये. शुद्धलेखन मी इथे, अगदी शेवटी बघते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत चार वाढून ते अठरा झाले. अठरा नियम म्हणजे काही डोंगर नव्हे. शंका आली तर अरुण फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ जवळ असतं. पण पहाटे पाच वाजता ‘की’ ऱ्हस्व का दीर्घ, हा प्रश्न काढला तर वाक्याचा जीव जातो. जे वाक्य रात्री उडणारच आहे, त्याची वेलांटी पहाटे कशाला तपासायची?

एक अनुभवाचं. माझा पहिला छापील लेख मासिकात आला तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ यांतले सगळे ऱ्य फुटून तिथे चौकोन आले होते. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये नेताना असं होऊ शकतं. तेव्हापासून मजकुरासोबत पीडीएफही पाठवते आणि छपाईआधी एकदा प्रूफ दाखवा, अशी विनंती करते. दर वेळी मान्य होतेच असं नाही.

का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा चालत आली. इतक्या वर्षांत संपादक पुष्कळ बदलले, त्यांच्या अपेक्षा फारशा बदललेल्या नाहीत: सांगितलेल्या शब्दांत द्या, सांगितलेल्या तारखेला द्या, एकच लेख तीन ठिकाणी पाठवू नका. परत आला तर रडून घ्या आणि चार दिवसांनी वाचा. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. ते मासिक 1982 साली बंद झालं. आता तशी पत्रं क्वचित येतात, म्हणून ती लाल पेनवाली आपल्यालाच घरात पाळावी लागते. फक्त तिच्या ड्यूटीच्या वेळा ठरवून द्याव्या.

10:40

उद्याची चिठ्ठी: ‘आधी कशाचं झालं? इथून सुरू. मग टाकी.’ पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर पेन आडवं ठेवलं. खोडलेले दोन परिच्छेद खालच्या खणात टाकले. तो खण उघडून मी काही परत वापरलंय असं आठवत नाही, पण फेकायचं म्हटलं की हात होत नाही. खण आहे, म्हणून रेघ मारता येते.

फोन चार्जिंगला लावायला स्वयंपाकघरात गेले तर मेसेज होता. ऑफिसमधल्या पोराचा.

‘मॅडम, कोंबडीचं लिहिलं. एक पान म्हणालात, अडीच झालीत. फार वाईट झालंय.’

विचारलं, ‘कशावर लिहिलंस?’

‘मागच्या वर्षीच्या परिपत्रकाच्या मागे.’

बरं चाललंय पोराचं. फोन तिथेच ठेवला आणि येऊन घड्याळाला किल्ली दिली.